तापलेल्या घोडीवर पाणी

"घोडी धुवून घे," अण्णा म्हणाले.

मी नुकतीच खाली उतरले होते. काजळच्या मानेवरून हात फिरवत होते. दोन मिनिटांपूर्वी भोंग्यावरून आमचा पहिला नंबर पुकारला होता. काजळचं काळं अंग घामानं चमकत होतं, नाकपुड्या फुलल्या होत्या, पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. अण्णा येताना दिसले तेव्हा मला वाटलं, शाबासकी द्यायला येतायत.

"आत्ता?" मी विचारलं.

"आत्ताच. पालखी निघायचीय. तू बसली व्हतीस ना तिच्यावर? मग तूच धू. खोगीर पन धू."

आवाज चढवला नाही त्यांनी. चहा आण म्हणावं तसं म्हणाले. आजूबाजूला माणसं होती. कुणी हसलं नाही, कुणी दचकलंही नाही. हे असंच असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांची होते मी.

आमचं गाव आष्टी तालुक्यात, कडा गावापासून फार लांब नाही. नाव लिहीत नाही. चैत्रात आमच्या देवाची जत्रा भरते आणि जत्रेत घोड्यांचं प्रदर्शन. नाचकाम होतं, शर्यती होतात. सगळ्यात मान रेवालीचा. रेवाल म्हणजे घोड्याची एक चाल. घोडा वेगानं जातो, पण उधळत नाही. वर बसलेल्या माणसाच्या हातात पाण्याचा पेला असला तरी थेंब सांडू नये, अशी. चाल मोडून घोडा दौडायला लागला की बाद. जो घोडा रेवालीत पहिला येतो तो संध्याकाळी देवाच्या पालखीपुढं चालतो. त्या घोड्याला गाव नमस्कार करतं.

आम्ही मातंग. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणते, अण्णांच्या पागेवर मोतद्दार होते. घोड्यांचं सगळं तेच बघायचे. खरारा, चारा, नाल, चाल शिकवणं. अण्णा गावातले मोठे बागायतदार. ऊस, डाळिंब, दोन जीपा. घोडे हा त्यांचा शौक. पागेच्या मागं एका खोलीत आम्ही राहायचो. मी शाळेतून आले की पागेत जायची. काजळ जन्मली तेव्हा तिच्या अंगावरची वार मी आणि दादांनी पुसली. पुढं एका वळूघोड्यानं दादांना पाडलं, त्यांचा गुडघा गेला. काजळला चाल मी शिकवली. दादा काठी टेकून उभे राहायचे आणि लांबून सांगायचे, लगाम ढिला सोड, कंबर हलवू नको, तिला तुझं ऐकू दे.

दुसरं कुणी पाठीवर बसलं की काजळ चाल मोडायची. म्हणून अण्णांनी मला रेवालीत बसवलं. पोरगी घोडी चालवते म्हणून चार गावची माणसं बघायला आली. अण्णांना ते आवडलं. माझं कौतुक होतं, तोवर मी त्यांची होते. पालखीची वेळ आली तशी मी मांगाची झाले.

मंदिराच्या आडाला मी हात लावायचा नव्हता. पुजाऱ्याचा माणूस पाणी शेंदत होता आणि माझ्या बादलीत वरून ओतत होता. आडाचं पाणी गार. दादांनी मला घोड्याबद्दल जी पहिली गोष्ट शिकवली ती ही, की तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतायचं नाही. आधी फिरवायचं, दम बसू द्यायचा, घाम सुकू द्यायचा. नाहीतर घोडा आखडतो. पाच वर्षांची असल्यापासून हे मला माहीत होतं.

मी दादांकडं बघितलं. ते काठी धरून कनातीजवळ उभे होते. ते काहीतरी बोलतील असं वाटलं. निदान घोडीसाठी तरी बोलतील. त्यांनी मान खाली घातली.

मी बादली उचलली.

पहिलं पाणी पडलं तशी काजळ थरथरली. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. पळाली नाही. दुसऱ्या कुणी ओतलं असतं तर लाथ घातली असती. मी होते म्हणून उभी राहिली. मी जिथं बसले होते तिथं तीन बादल्या ओतल्या. माझ्या मांड्या जिथं टेकल्या होत्या तिथं घासलं. माझाच स्पर्श माझ्याच हातानं धुतला. मग पुजाऱ्यानं गोमूत्र शिंपडलं. अण्णांचा पुतण्या रणजित फेटा बांधून आला आणि वर बसला. हलग्या वाजायला लागल्या. हलग्या वाजवणारी आमचीच माणसं होती.

मी ओल्या सलवारीनं कनातीमागं बसून राहिले. रडले नाही. नुसती बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काजळ जागेवरून हलेना. पुढचे पाय आखडले होते. खूर टेकवला की कळ जायची, डोळे पांढरे करायची. अण्णांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पाय तपासले आणि विचारलं, "गरम असताना हिच्यावर पाणी टाकलं का?"

अण्णा माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हिनं टाकलं. ह्या लोकांना काय कळतंय सायेब. जित्राब सांभाळायला अक्कल लागते."

मी शेकायच्या पाण्याचं पातेलं धरून तिथंच उभी होते. दादा पण होते. रणजित होता. आम्हा चौघांना खरं माहीत होतं.

मी गप्प राहिले.

त्या गप्प राहण्याबद्दल मला सांगायचंय. लोक मला विचारतात, तुला घोडी धुवायला लावली तेव्हा लई वाईट वाटलं असंल. वाटलं. पण ते वाईट वाटणं मी गिळलं असतं. माझ्या आयांनी, आज्यांनी गिळलं तसंच. महिनाभर मी काजळचे पाय शेकत होते, पट्ट्या बांधत होते, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मला माहीत होतं. पाणी ओतू नये हे मला अण्णांपेक्षा जास्त कळत होतं. त्या सगळ्या जत्रेत ते सगळ्यात जास्त मला आणि दादांना कळत होतं. आणि तरी मी ओतलं. माझ्याजवळ जी एकमेव विद्या होती तिच्या विरुद्ध माझेच हात वागले. त्यांनी माझा अपमान केला, तो त्यांचा गुन्हा. पण माझ्यावर विश्वास टाकून उभ्या राहिलेल्या जनावरावर मी पाणी ओतलं, तो माझा. ह्यातून सुटायची दुसरी वाट मला दिसेना. पुढच्या वेळी नाही म्हणायचं, एवढीच दिसली.

हे मी कुणाला बोलले नाही.

काजळ बरी झाली. दिवाळीनंतर मी तिला पुन्हा चालीवर घेतलं. चैत्र जवळ आला. जत्रेच्या आठ दिवस आधी अण्णा पागेत आले. दादांशी बोलले, माझ्यासमोरच.

"पोरीला बसू दे औंदा पन. पहिला नंबर आला की मागच्या वक्ताला केलं तसं करा. आन औंदा घोडीला काय झालं तर मी ऐकून घेनार न्हाई."

"व्हय मालक," दादा म्हणाले.

म्हणजे धुवायचं तर होतंच. वर आखडली तर दोषही माझाच.

जत्रेच्या दिवशी सकाळी रणजितनं काजळला गावातून फिरवून आणलं. फेटेवाले मित्र सोबत, फोटो काढणं चाललेलं. दुपारी उन्हं कलली तशी रेवाल सुरू होणार होती. मैदानाच्या दोन्ही बाजूला माणसांच्या रांगा. मचाणावर पंच बसलेले. आमचे पंच तेलगावकडचे एक म्हातारे गृहस्थ होते, जन्मभर घोड्यात राहिलेले. भोंग्यावरून काजळचं नाव पुकारलं. रणजितनं लगाम आणून माझ्या हातात दिला. अण्णा शेजारीच उभे होते.

मी बसले नाही.

"बस की," अण्णा म्हणाले. "वाट कशाची बघती?"

"आधी घोडी धुवून द्या," मी म्हणाले.

"काय?"

"सकाळी हिच्यावर तुमचे पुतणे बसले व्हते. त्यांनी बसलेली घोडी धुतल्याबिगर मी बसनार न्हाई. ज्यांनी बसून फिरवली त्यांनीच धुवावी. खोगीर पन."

आवाज माझा मोठा नव्हता. पण मी मचाणाच्या अगदी खाली उभी होते आणि भोंग्याचा माईक चालू होता. माझं बोलणं मैदानभर गेलं. आधी मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही.

दादा काठी टेकत जवळ आले. "बाई, गप. बस घोडीवर. पाया पडतो तुझ्या."

"दादा, तुमी मागं व्हा."

"आपल्याला खोली सोडाया लागंल."

"सोडू."

अण्णांचा चेहरा नुसता बदलत गेला. बोलला रणजित. माझ्या जातीचं नाव घेतलं, माझ्या आईचं नाव घेतलं आणि म्हणाला, "घोडीवर बसवली तर डोक्यावर बसाया लागली व्हय गं." त्याच्या हातात चाबूक होता. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा पाठीवर. तिसऱ्याला मी चाबकाची वादी धरली. तळहात कापला पण सोडली नाही. तो ओढत होता, मी धरून होते. काजळ आमच्या दोघांच्या मध्ये, कान मागं टाकून. शेवटी पंच वरून ओरडले, "सोड बे तो चाबूक. मैदान हाय हे." रणजितनं चाबूक माझ्याच हातात सोडला आणि घोडीवर उडी मारली.

आता एक गोष्ट सांगते, जी मला सांगायला आवडत नाही.

मला वाटलं, काजळ त्याला पाडेल. मनातल्या मनात मी तशी वाटच बघत होते. निदान चाल तरी मोडेल, बाद होईल, सगळ्यांसमोर त्याची फजिती होईल. तसं काही झालं नाही. काजळ सुरेख गेली. मान ताठ, पाय एका लयीत, वर बसलेला माणूस तसूभर हलत नव्हता. सकाळी फिरवल्यामुळं तिला त्याची सवय झाली असेल. किंवा मीच तिला इतकं चांगलं शिकवलं होतं की आता कुणीही बसलं तरी ती जाणार होती. तिचा पहिला नंबर आला. संध्याकाळी ती पालखीपुढं चालली. त्या दिवशी तिला कुणी धुतलं नाही. गरजच नव्हती.

मी मैदानाच्या कडेला उभी राहून ते सगळं पाहिलं. हातातून रक्त गळत होतं. घोडीला जात कळत नाही. तसाच न्यायही कळत नाही. माझ्या वतीनं कुणीही काही करणार नव्हतं. जनावर नाही, देव नाही, बाप नाही. जे करायचं ते मलाच करायचं होतं. इतकं लख्ख मला आयुष्यात कधी दिसलं नव्हतं.

मी चाबूक ओढणीत गुंडाळला आणि पोलीस ठाण्यात गेले. एकटी.

हवालदारांनी हात बघितला, पाठ बघायला बाईमाणूस नाही म्हणाले. "कावून वाढवती? गावात ऱ्हायचं ना तुला?"

"लिहून घ्या," मी म्हणाले.

लिहिलं. मी म्हणाले, वाचून दाखवा. त्यांनी वाचलं, त्यात होतं, घोडी देण्याघेण्यावरून किरकोळ बाचाबाची. मी बारावी झालेली आहे. म्हणाले, हे मी बोलले नाही. जे बोलले ते लिहा. जातीचं नाव घेतलं ते लिहा. चाबूक लिहा. मागच्या साली धुवायला लावलं ते लिहा. ते उठून गेले. मी बाकड्यावर बसले. बरीच रात्र झाली तेव्हा दुसरे एक साहेब आले आणि त्यांनी लिहिलं. मी सही करायच्या आधी दोनदा वाचलं.

घरी आले तर सामान पागेच्या बाहेर होतं. माय भांड्यांच्या पाटीवर बसली होती. दादा बोलले नाहीत. पुढं कितीतरी महिने बोलले नाहीत.

मैदानात शंभर मोबाइल वर झाले होते. चित्रण एकानंही दिलं नाही. फोनमधून पुसलं गेलं, असं सगळे म्हणाले. जबाब दिला फक्त त्या म्हाताऱ्या पंचांनी. त्यांना अण्णांची माणसं भेटून आली होती. तरी त्यांनी सांगितलं, "मी वर बसलो व्हतो. जे ऐकलं ते ऐकलं, जे दिसलं ते दिसलं."

आम्ही वस्तीत चुलत्याच्या पडवीत राहायला गेलो. अण्णांच्या भीतीनं गावात कुणी कामाला बोलवेना. दिवाळीनंतर माय आणि मी ऊसतोडीला गेलो. एका कोयत्याला दोन माणसं लागतात, बहुतेक नवराबायको. आमच्या कोयत्यात मायलेकी होतो. दादांच्या गुडघ्यानं त्यांना फडात उभंही राहता येत नव्हतं. ते कोपीवर, आमच्या पाचटाच्या झोपडीत, बसून राहायचे. पाचटानं माझा कापलेला तळहात पुन्हा पुन्हा उकलायचा. मायनं एकदाही म्हटलं नाही की तुझ्यामुळं. एकदा फक्त मोळी बांधता बांधता म्हणाली, "तू घोडीवर बसलेली लई चांगली दिसायचीस." आणि पुढच्या मोळीला लागली.

ह्या वर्षी होळीच्या सुमाराला आम्ही परतलो. परतल्यावर चौथ्या दिवशी सकाळी उपसरपंच वस्तीत आले. सोबत अण्णांचा एक गडी होता आणि गड्याच्या हातात काजळचा लगाम.

तिनं मला लांबूनच ओळखलं. फुरफुरली.

उपसरपंच चांगलं बोलले. अण्णांचं वय झालंय, रणजितचं लग्न ठरलंय. कोर्टात जाऊन जबाब जरा मवाळ कर, बोलाचालीत झालं, जातीचं कुणी काढलं नाही, एवढं म्हण. "आन ही घोडी तुझी. कागद करून देतेत. तुझ्या नावावर."

दादा पडवीतून उठले. काठी न घेता उठले. काजळच्या मानेला त्यांनी हात लावला, कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं आणि रडायला लागले. जवळजवळ वर्षानं माझ्याशी बोलले. "घे बाई. लई झालं. आपली झाली आता. तुला दुसरं काय पायजे?"

खरंच, दुसरं काय पाहिजे होतं मला? घोड्यावर बसून जगायचं, एवढंच तर लहानपणापासून पाहिजे होतं. मी तिच्या अयाळीत बोटं घातली. कुणी नीट खरारा केलेला नव्हता, गाठी झाल्या होत्या. एक एक गाठ सोडवत बसले. उपसरपंच पारावर बसून तंबाखू मळत होते. त्यांना वाटलं, काम झालं.

पण त्या अयाळीतून बोटं फिरवताना मला दुसरंच दिसत होतं. ही घोडी माझ्या दारात बांधलेली. मी तिच्यावर बसून गावातून जातेय. आणि लोक म्हणतायत, अण्णांनी दिली. अण्णांचं मन मोठं. आणि कोर्टाच्या कागदावर माझ्या सहीनं लिहिलेलं, की असं काही घडलंच नाही. मला धुवायला लावलं नाही, मला मारलं नाही, आमच्या गावात असं काही होतच नाही. मग पुढं ज्या कुणाच्या हातात बादली देतील, तिनं काय करायचं? माझी सही दाखवतील ते तिला.

मी लगाम घेतला. गड्याला म्हणाले, "चल."

"कुठं?" दादा म्हणाले.

"पोचवून येते."

"न्हाई म्हनली तर परत तोडीला जायचं काय तू? जलमभर?"

"जाईन. तुमी काय करू नका दादा. फकस्त मधी पडू नका."

ते मधे पडले नाहीत. खाली बसले, तिथंच मातीत.

वस्तीतून निघाले. वेशीतून, बाजारपेठेतून, मंदिरावरून. भर सकाळ होती, सगळी दुकानं उघडी. लोक ओट्यावर येऊन बघत होते. मी लगाम धरून चालत होते. बसले नाही. बसले असते तर परत दिली नसती.

अण्णा वाड्याच्या फाटकाशीच उभे होते. कुणीतरी आधी सांगितलं असणार. मी काजळचा लगाम कडीला बांधला.

"इचार केलास का?" ते म्हणाले.

"केला."

"मग?"

"हिला महिनाभर नाल बदललेले न्हाईत. खूर वाढलेत. माणूस बोलवा. आन तारखेला कोर्टात या, मी येनार हाय."

मी मागं वळले. काजळ एकदा खिंकाळली. मी वळून बघितलं नाही, कारण मला माझी खात्री नव्हती.

पुढच्या महिन्यात बीडला माझी साक्ष आहे. पहाटेच्या गाडीनं निघेन, मांजरसुंब्यावरून जाईन. माय सोबत येते म्हणालीय. दादांनी अजून काही सांगितलेलं नाही. माझे वकील म्हणतात, उलटतपासणीत तुला विचारतील, तूच पाणी ओतलंस ना, तुझ्या हातानं? तेव्हा गडबडू नकोस.

मी गडबडणार नाही. हो म्हणेन. माझ्या हातानं ओतलं, असं सांगेन. कुणी ओतायला लावलं त्याचं नाव सांगेन, कुणी शेंदलं त्याचं सांगेन, कोण बघत उभं होतं ते सांगेन. त्यात माझा बापही होता, तेही सांगेन. एकही नाव गाळणार नाही.